जमिनीला विजेने प्रश्न विचारणारे शिक्षक : कॉनराड श्लुम्बर्जे



शेतात बोअर घ्यायची म्हटलं की अनेक जण आधी पाणाडी शोधतात. पण जमिनीच्या पोटात काय आहे, हे न खणता मोजून कळेल का? हा प्रश्न वर्गात विचारा आणि मग मुलांना कॉनराड श्लुम्बर्जे यांची गोष्ट सांगा.

त्यांचा जन्म 1878 साली अल्सास प्रांतात झाला. पुढे ते पॅरिसच्या खाणकाम महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्यांचा विचार तसा साधा होता. ओल्या चिकणमातीतून वीज सहज वाहते, कोरडी वाळू आणि कठीण खडक तिला अडवतात. मग जमिनीत वीज सोडून वर विद्युतदाब मोजला, तर खालचे थर ओळखता येतील ना? आधी त्यांनी टबात वाळू भरून प्रयोग केले. 1912 मध्ये नॉर्मंडीत प्रत्यक्ष जमिनीवर मोजमापं घेऊन नकाशा काढला.

इतक्यात पहिलं महायुद्ध पेटलं. ते सैन्यात गेले आणि काम अर्धवट राहिलं. ते तसंच राहिलंही असतं. पण 1919 साली वडील पॉल पाठीशी उभे राहिले. कॉनराड आणि धाकटा भाऊ मार्सेल यांना त्यांनी संशोधनासाठी पैसे दिले. अट एवढीच, की नफ्याआधी विज्ञान!

1927 मध्ये अल्सासमध्येच, पेशलब्रॉन इथल्या तेलविहिरीत त्यांच्या चमूने उपकरण सोडलं आणि मीटरामीटरावर खडकाचा विद्युतरोध नोंदवला. विहिरीतली अशी ही पहिलीच नोंद. 1936 साली, वयाच्या 57 व्या वर्षी, कॉनराड यांचं निधन झालं.

त्यांची पद्धत मात्र आजही वापरात आहे. जमिनीत एका रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात, आतल्या दोन सळयांमध्ये विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या सळया जितक्या लांब नेऊ, तितकी खोलवरची माहिती मिळते. आपल्याकडे भूजल शोधतानाही ही श्लुम्बर्जे रचना वापरतात.

आता थोडं आपल्याबद्दल. मूल टबात माती कालवत बसलं की आपण लगेच ओरडतो, हो ना? पुढच्या वेळी क्षणभर थांबा. ते काय शोधतंय, हे आधी विचारा. पॉल यांनी मुलांना पैसे तर दिलेच, पण त्याहून मोठा विश्वास दिला. तो द्यायला आपल्याला काहीच खर्च येत नाही.