पोरांनी सोसायटी काढली, पण ती टिकली एका मेंढपाळाच्या मुलामुळे

१८१८ साल म्हटलं की मराठी माणसाला आठवतो पेशवाईचा शेवट. १ जानेवारीला भीमेच्या काठावर कोरेगावची लढाई झाली आणि पुढच्या काही महिन्यांत पेशवाई संपली.

या लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २ जानेवारी १८१८ ला, तिकडे लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटवरच्या केंडल कॉफी हाऊसमध्ये काही पोरं जमली होती. बहुतेक जण विशीतले, नुकतेच कामाला लागलेले इंजिनिअर. कोणी मशीनच्या कारखान्यात, तर कोणी मोठ्या इंजिनिअरच्या हाताखाली. त्यांचा म्होरक्या होता हेन्री पामर.

या पोरांची अडचण साधी होती. शिकायचं कुठे?

फ्रान्समध्ये रस्ते आणि पूल बांधणाऱ्यांसाठी १७४७ पासून सरकारी शाळा होती. इंग्लंडमध्ये मात्र इंजिनिअरिंगचं कॉलेजच नव्हतं. एखाद्या उस्तादाच्या हाताखाली राबायचं आणि तो दाखवेल तेवढंच शिकायचं. उस्तादही आपल्या युक्त्या सहसा दुसऱ्याला सांगायचे नाहीत. इंजिनिअरांची एक सोसायटी १७७१ पासून होती, पण तिथे नाव कमावलेली मंडळी एकत्र जेवायची आणि गप्पा मारायची. नवख्या पोराला तिथे कोण विचारणार?

मग पामर आणि त्याच्या मित्रांनी ठरवलं, आपलीच सोसायटी काढायची. ठराविक दिवशी भेटायचं आणि ज्याला जे माहीत आहे ते त्याने इतरांना सांगायचं. नाव ठेवलं इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स.

नाव भारदस्त होतं, पण सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन वर्षं झाली तरी गाडी पुढे सरकेना. मोठे इंजिनिअर फिरकत नव्हते आणि मोठे नाहीत म्हणून छोटेही येत नव्हते. सोसायटी बंद पडायच्या बेतात होती. शेवटी पोरांनी एका म्हाताऱ्या माणसाकडे जायचं ठरवलं.

त्याचं नाव होतं थॉमस टेलफर्ड.

टेलफर्डचा जन्म ९ ऑगस्ट १७५७ चा, स्कॉटलंडमधल्या एस्कडेल खोऱ्यातला. बाप मेंढपाळ. पोरगा काही महिन्यांचा असतानाच बाप गेला. आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधाराने त्याला वाढवलं. तो गावच्या शाळेत शिकला, लोकांची मेंढरं राखली आणि १४ व्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली लागला.

दगड घडवता घडवता त्याला वाचनाचा नाद लागला. गावातल्या एका बाईंनी त्याला आपली पुस्तकं वाचायला दिली. पुढे एडिंबरा आणि तिथून १७८२ मध्ये लंडन. तिथे सॉमरसेट हाऊसच्या बांधकामावर त्याने गवंडी म्हणून काम केलं. डिग्री नाही, घराणं नाही. जे काही होतं ते हातात आणि वाचनात.

१७८७ च्या सुमारास तो श्रूझबरीला आला आणि तिथे एक प्रसंग घडला. गावातल्या सेंट चॅड चर्चचं छप्पर गळत होतं. चर्चच्या लोकांनी टेलफर्डला बघायला बोलावलं. त्याने पाहणी केली आणि सांगितलं की छप्पर राहू दे, आधी भिंती सांभाळा, इमारत कधीही कोसळेल. चर्चच्या मंडळींना वाटलं, गडी उगाच काम वाढवतोय. त्यांनी त्याचं ऐकलं नाही.

तीन दिवसांनी चर्च कोसळलं.

नुसतं बरोबर असून भागत नाही, बोलणाऱ्याच्या शब्दाला वजनही लागतं. ते वजन टेलफर्डला पुढच्या ३० वर्षांत मिळालं.

वेल्समध्ये डी नदीच्या खोऱ्यावरून कालवा न्यायचा होता. त्यासाठी दगडी खांबांवर लोखंडी पन्हाळ टाकून पॉन्टकसिल्टेचा जलसेतू उभा राहिला. तो १८०५ मध्ये खुला झाला. उंची सुमारे ३८ मीटर, लांबी ३०७ मीटर. नदीच्या एवढं वर, पाण्यातून चाललेली होडी बघायला लोक लांबून यायचे. आज तो जागतिक वारसा आहे. या कामावर टेलफर्डच्या वरचा इंजिनिअर होता विल्यम जेसप, पण श्रेय मुख्यतः टेलफर्डच्या नावावर जमा झालं. यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

त्यानंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात त्याने जवळपास १५०० किलोमीटर रस्ते आणि १००० च्या वर पूल बांधून घेतले. कॅलेडोनियन कालव्याचं काम केलं. स्वीडनने गोटा कालव्यासाठी त्यालाच बोलावलं. लग्न केलं नाही. लंडनला असला की मुक्काम एका कॉफी हाऊसच्या खोलीत, तोही वीसेक वर्षं. बाकी सगळं आयुष्य साईटवर.

तर १८२० च्या सुरुवातीला पामर आणि मंडळी या माणसाकडे गेली. पामर त्याच्याच हाताखाली काम करत होता, त्यामुळे ओळख होती. विनंती अशी, आमचे अध्यक्ष व्हा.

टेलफर्ड ६२ वर्षांचा होता. मेनायच्या सामुद्रधुनीवर झुलता पूल बांधायचं प्रचंड काम त्याच्या अंगावर होतं. चार-दोन पोरांच्या अडखळत चाललेल्या सोसायटीला नकार दिला असता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. तो हो म्हणाला. २१ मार्च १८२० ला तो पहिला अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसला आणि १४ वर्षांनी मरेपर्यंत अध्यक्ष राहिला.

आता इथे कोणालाही वाटेल की मोठं नाव मिळालं, लेटरहेडवर छापलं, काम झालं. पण तसं घडलं नाही.

टेलफर्ड बैठकांना स्वतः यायचा. आपल्याकडची पुस्तकं त्याने सोसायटीला देऊन टाकली आणि त्यातून लायब्ररीची सुरुवात झाली. सभासदांनी आपापल्या कामावर टिपणं लिहून आणावीत, ती सगळ्यांसमोर वाचावीत आणि होणारी चर्चा नोंदवून ठेवावी, यावर त्याचा भर होता. इतर देशांत अशा संस्था सरकार चालवतं, आपली मात्र सभासदांनी हातपाय हलवले तरच चालेल, हे त्याने पहिल्याच भाषणात स्पष्ट केलं होतं.

तेव्हाच्या मानाने ही गोष्ट मोठी होती. जे ज्ञान उस्तादाच्या डोक्यात असायचं आणि त्याच्याबरोबर जायचं, ते आता कागदावर यायला लागलं. कुठला पाया खचला, कुठला लोखंडी बार किती ताण सोसतो, हे २२ वर्षांच्या पोरालाही वाचायला मिळू लागलं.

३० जानेवारी १८२६ ला मेनायचा पूल खुला झाला. मधला गाळा १७६ मीटरचा, तेव्हाच्या झुलत्या पुलांत जगात सगळ्यात लांब. दोन वर्षांनी, १८२८ मध्ये, सोसायटीला राजाची सनद मिळाली. कॉफी हाऊसमधल्या पोरांचा धंदा आता अधिकृत पेशा झाला होता.

पण टेलफर्डला देव करायची गरज नाही, कारण त्याच्या आयुष्यात पुढे क्लिफ्टनची गोष्ट येते.

१८२९ मध्ये ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनच्या दरीवर पूल बांधण्यासाठी स्पर्धा ठेवली गेली. परीक्षक होता टेलफर्ड. त्याने आलेली सगळी डिझाइन्स नाकारली. त्यात इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल नावाच्या २३ वर्षांच्या पोराचीही होती. मेनायपेक्षा फार मोठा गाळा वाऱ्यात टिकणार नाही, असं टेलफर्डचं मत होतं. मग आयोजकांनी त्यालाच डिझाइन मागितलं. त्याने दरीच्या तळापासून उंच मनोरे उभारायची कल्पना मांडली. ज्याने पोरांना खुर्च्या दिल्या, तोच इथे पोरांच्या वाटेत उभा होता.

त्याचं डिझाइन काही टिकलं नाही. पुन्हा स्पर्धा झाली आणि १८३१ मध्ये ब्रुनेल जिंकला. पैशांअभावी पूल मात्र अर्धवट पडून राहिला.

२ सप्टेंबर १८३४ ला टेलफर्ड गेला. मेंढपाळाचा मुलगा वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. मृत्युपत्रात त्याने सोसायटीसाठी पैसे ठेवले होते, चांगले निबंध लिहिणाऱ्यांना दरवर्षी बक्षिसं देता यावीत म्हणून. टेलफर्ड मेडल आजही दिलं जातं.

ब्रुनेल १८५९ मध्ये गेला. क्लिफ्टनचा पूल तेव्हाही अपुराच होता. त्याचं स्मारक म्हणून हा पूल पूर्ण करायला पुढे आले ते इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचेच सभासद. १८६४ मध्ये पूल खुला झाला. गाळा २१४ मीटर, म्हणजे टेलफर्डने धोक्याचा मानला होता त्याहून बराच मोठा. पहिल्या अध्यक्षाने नाकारलेल्या पोराचा पूल त्याच्याच संस्थेच्या लोकांनी बांधून दिला आणि आजही त्यावरून गाड्या धावतात.

अध्यक्ष चुकला तरी संस्था चुकीला चिकटून राहिली नाही. कारण तिथे सगळं लिहिलं जात होतं, वाचलं जात होतं आणि त्यावर वाद घातला जात होता. ती सवय लावणारा टेलफर्डच होता.

या सवयीचा धागा आपल्यापर्यंतही येतो. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे उभारणारा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याने जी. आय. पी. रेल्वेच्या कामाची माहिती देणारा निबंध १८६० मध्ये याच संस्थेपुढे मांडला. भारतातल्या इंजिनिअरांची स्वतःची संस्था, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, १९२० मध्ये सुरू झाली. आज महाराष्ट्रातल्या अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत तिचे स्टुडंट चॅप्टर आहेत.

आणि हेन्री पामर? त्याने पुढे लंडनच्या गोदीचं काम पाहिलं आणि १८२९ मध्ये एका वस्तूचं पेटंट घेतलं. पन्हळी पत्रा. कोकणातल्या गोठ्यापासून मुंबईच्या चाळीपर्यंत जो लाटालाटांचा पत्रा डोक्यावर दिसतो, तो याच पोराच्या डोक्यातून आलेला. कॉफी हाऊसमध्ये सोसायटी काढली तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्याने कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही, आणि अडलं तेव्हा मोठ्या माणसाचं दार ठोठवायला लाजलाही नाही.