समजून घ्या : अंधांना वाट दाखवणारे श्वान आले कुठून?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या गर्दीतून पांढऱ्या काठीच्या आधाराने जाणे अंधांसाठी मोठी कसरत. अशा रस्त्यावर प्रशिक्षित श्वान सोबतीला असू शकतो, हे अमेरिकेला पटवून दिले मॉरिस फ्रँक यांनी.

कोण होते फ्रँक?
१९०८ साली जन्म. सहाव्या वर्षी घोड्यावर असताना झाडाची फांदी लागून एक डोळा गेला, सोळाव्या वर्षी बॉक्सिंगमध्ये दुसरा. १९२७ मध्ये वडिलांनी त्यांना डोरोथी युस्टिस यांचा लेख वाचून दाखवला. युद्धात दृष्टी गमावलेल्या जर्मन सैनिकांच्या श्वानांची माहिती त्यात होती. फ्रँक यांनी युस्टिस यांना पत्र लिहिले. १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन ते 'बडी' या जर्मन शेफर्ड कुत्रीसोबत शिकले. परतल्यावर न्यूयॉर्कचा वर्दळीचा रस्ता त्यांनी पत्रकारांसमोर ओलांडला.

श्वान काय करतो?
कुठे जायचे ते माणूस ठरवतो, अडथळे श्वान चुकवतो. पुढे जाण्याची आज्ञा मिळाली, तरी समोरून गाडी येत असेल तर तो हलत नाही.

अडचण कुठे होती?
१९२९ मध्ये 'द सीइंग आय' ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पण हॉटेल, रेल्वेत श्वानांना मज्जाव होता. फ्रँक देशभर फिरून लोकांचे मन वळवत राहिले. १९३८ मध्ये बडी गेली. पुढच्या प्रत्येक श्वानाला त्यांनी तेच नाव दिले. १९५६ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशा श्वानांना सार्वजनिक ठिकाणी प्रवेश देणारे कायदे केले. फ्रँक यांचे १९८० मध्ये निधन झाले.