नानिक मोटवाने

नानिक ज्ञानचंद मोटवाने हे मुंबईतील ध्वनिवर्धक व्यावसायिक होते. 'शिकागो रेडिओ' या नावाने त्यांच्या कंपनीने स्वातंत्र्यचळवळीतील मोठ्या सभांना ध्वनिवर्धक पुरवले. महात्मा गांधी, जवाहरलाल नेहरू, सुभाषचंद्र बोस यांच्या भाषणांच्या जुन्या छायाचित्रांत ध्वनिग्राहकावर 'शिकागो' हा शब्द दिसतो तो याच कंपनीचा. नाव अमेरिकी असले तरी कंपनी सिंधी कुटुंबाची होती.

== कौटुंबिक पार्श्वभूमी ==

नानिक यांचे वडील ज्ञानचंद यांनी १९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे विद्युत साहित्याचा व्यापार सुरू केला. तो पुढे कराचीस व १९१९ मध्ये मुंबईस आला. अमेरिकेतील एका दूरध्वनी साहित्य कंपनीचा माल आयात करत असल्याने 'शिकागो' हे नाव व्यवसायाला चिकटले. नंतर त्यात रेडिओची भर पडली.

== सभा आणि ध्वनिवर्धक ==

हजारोंच्या सभेत वक्त्याचा आवाज पुढच्या काही रांगांपलीकडे पोहोचत नसे. गांधींना एकाच सभेत एका मंचावरून दुसऱ्या मंचावर जाऊन बोलावे लागते, हे पाहून नानिक यांनी हे काम अंगावर घेतले, असे सांगितले जाते. १९३१ च्या कराची काँग्रेस अधिवेशनात त्यांचे ध्वनिवर्धक लागले आणि त्यानंतर हे काम त्यांनी अनेक वर्षे चालू ठेवले. यात व्यापाराइतकाच चळवळीशी असलेल्या बांधिलकीचा भाग होता.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात, पूर्व खानदेशातील फैजपूर येथे भरले. आजच्या जळगाव जिल्ह्यातील हे गाव बुलढाणा जिल्ह्यापासून फार दूर नाही. राजकारण असे गावाकडे वळू लागल्यावर ध्वनिवर्धनाच्या कामाचे स्वरूप बदलले. वीज नसलेल्या ठिकाणी बॅटऱ्या किंवा जनित्र न्यावे लागे. तारा, निर्वात नलिका आणि कर्णे यांतले काही बिघडले तर ते जागेवरच सुधारावे लागे, कारण सभा थांबत नसे.

== नाजूक पडदा ==

ध्वनिवर्धकातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे कंप पावणारा पडदा. मैदानी सभांच्या कर्ण्यांत तो लहान व कडक असतो. फाटला तर बहुधा बदलावाच लागतो. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये विकसित केलेल्या प्रकारात मात्र कागदी शंकू असतो. रेडिओ संचांत आणि पुढे गिटारच्या ध्वनिवर्धकांत हीच रचना रूढ झाली. शंकूच्या मुळाशी तारेचे वेटोळे असते. ते चुंबकाच्या अरुंद फटीत पुढेमागे हलते आणि शंकूला हलवते.

कागदाला दमट हवा, धक्का किंवा टोकदार वस्तू लागली की तो फाटतो आणि प्रत्येक स्वरासोबत फरफर ऐकू येते. लहान फट दुरुस्त होते. फाटलेल्या कडा जुळवून पातळ, मऊ कागदाची पट्टी वाळल्यावर लवचिक राहणाऱ्या डिंकाने चिकटवतात. शक्य असल्यास मागूनही एक पट्टी लावतात. येथे हात आखडता हवा. डिंक जास्त झाला तर शंकू जड होतो आणि आवाज बदलतो. कडेच्या घड्यांवर कडक डिंक लागल्यास शंकूची हालचालच अडते. दुरुस्तीपूर्वी शंकू बोटांनी सर्व बाजूंनी सारखा, हलकेच दाबून पाहतात. खरखर जाणवली तर वेटोळे घासत आहे असे समजावे. मग ठिगळाचा उपयोग नसतो, संपूर्ण शंकू वेटोळ्यासह बदलावा लागतो.

गंमत अशी की, सभेच्या व्यवस्थापकाला धडकी भरवणारी ही फरफर काही गिटारवादकांना हवीहवीशी वाटली. अमेरिकी वादक लिंक रे यांनी १९५८ च्या एका ध्वनिमुद्रिकेसाठी ध्वनिवर्धकाला मुद्दाम भोके पाडली होती.

== १९४२ ची अटक ==

'भारत छोडो' ठरावानंतर नेते तुरुंगात गेले व वृत्तपत्रांवर निर्बंध आले. त्या काळात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर त्याचे प्रसारण सुरू झाले. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलली जाई. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि केंद्र बंद झाले. या केंद्राला साहित्य पुरवल्याच्या आरोपावरून मोटवाने यांनाही अटक झाली. न्यायालयीन कागदपत्रांत त्यांचे नाव 'नानक' असे आढळते.

रेडिओची सामग्री विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठी हा आरोप साधा नव्हता. युद्धकाळात परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गंभीर गुन्हा होता. विशेष न्यायालयात खटला चालला. बाबूभाई खाकर यांना पाच, उषा मेहता यांना चार आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. मोटवाने व विठ्ठलदास झवेरी निर्दोष सुटले.

== नंतरचा काळ ==

स्वातंत्र्यानंतरही नेहरूंच्या सभांत 'शिकागो रेडिओ'चे ध्वनिवर्धक दिसत राहिले. कंपनीने भाषणांची ध्वनिमुद्रणे व चित्रणेही केली होती. मोटवाने कुटुंबाचा व्यवसाय पुढे विद्युत मापन उपकरणांच्या निर्मितीतही विस्तारला आणि त्याचा कारखाना नाशिक रोड येथे उभा राहिला.