शिखांनी दिवाळी साजरी करावी का? गुरू अमरदासांनी साडेचारशे वर्षांपूर्वी काढलेला मार्ग

रक्षाबंधन, करवा चौथ, दिवाळी, ख्रिसमस. हे दिवस जवळ आले की अनेक शीख कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच जुना वाद सुरू होतो. राखी बांधायची का? सुनेनं करवा चौथचा उपवास धरायचा का? शाळेतून आलेल्या मुलानं ख्रिसमस ट्रीचा हट्ट धरला तर काय सांगायचं?

एक बाजू म्हणते, गुरूंनी कर्मकांड नाकारलं, मग दुसऱ्यांचे सण आपल्या घरात कशाला? दुसरी बाजू म्हणते, शेजाऱ्याच्या आनंदात सामील झाल्यानं कुणाचा धर्म बुडत नाही.

विशेष म्हणजे, दोन्ही बाजूंना आधार सापडतो तो एकाच माणसाच्या आयुष्यात. शिखांचे तिसरे गुरू, गुरू अमरदास यांच्या.

वीस वेळा हरिद्वारला गेलेला गृहस्थ

अमरदासांचा जन्म १४७९ चा, अमृतसरजवळच्या बासरके गावातला. भल्ला खत्री घराणं. घरी शेती आणि व्यापार. पत्नी मनसादेवी, मोहन आणि मोहरी हे दोन मुलगे, दानी आणि भानी या दोन मुली. चारचौघांसारखा संसार.

धर्मानं ते वैष्णव होते, आणि मनापासून होते. व्रतं, उपवास, दानधर्म सगळं करायचे. शीख परंपरा सांगते की ते दर वर्षी गंगास्नानाला हरिद्वारला जायचे आणि अशा सुमारे वीस यात्रा त्यांनी केल्या. त्या काळी पंजाबातून हरिद्वारला जायचं म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट.

अशाच एका यात्रेत एक साधू त्यांच्यासोबत होता. दोघं एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करत. एके दिवशी साधूनं त्यांना त्यांचा गुरू कोण, असं विचारलं. आपल्याला गुरू नाही, असं अमरदासांनी खरं ते सांगितलं. निगुऱ्या माणसाच्या हातचं खाल्लं म्हणून साधू चिडून निघून गेला. एवढ्या वाऱ्या करूनही हाती काय लागलं, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून जाईना.

उत्तर मिळालं ते घरातच. त्यांच्या पुतण्याची बायको बिबी अमरो ही दुसरे गुरू अंगद यांची मुलगी. पहाटे कामं करताना ती गुरू नानकांची पदं गायची. ते शब्द ऐकून अमरदास तिच्यासोबत खडूरला गुरू अंगदांकडे गेले आणि तिथलेच झाले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

साठीनंतर पाणक्या, त्र्याहत्तराव्या वर्षी गुरू

नात्यानं गुरू अंगद हे त्यांच्या पुतण्याचे सासरे, वयानं त्यांच्याहून बरेच लहान. तरीही अमरदासांनी त्यांची सेवा पत्करली. रोज पहाटे अंधारात बियास नदीवरून गुरूंच्या स्नानासाठी पाण्याची घागर आणायची, हे त्यांचं काम. परंपरेनुसार हे सुमारे बारा वर्षं चाललं. १५५२ मध्ये गुरू अंगदांनी आपल्या मुलांना बाजूला ठेवून गुरुपद अमरदासांना दिलं. त्यांचं वय होतं ७३.

बियासच्या काठावरचं गोइंदवाल हे त्यांचं केंद्र बनलं. तिथल्या लंगरचा नियम कडक होता. गुरूंना भेटायचं असेल तर आधी पंगतीत बसून जेवायचं. पंगत हा शब्द मराठी माणसाला वेगळा सांगायला नको, पण इथल्या पंगतीत जातीप्रमाणे पानं मांडली जात नसत. बादशहा अकबरही गोइंदवालला आला आणि आधी पंगतीत बसला, असं शीख परंपरा सांगते.

याच काळात शीख पंजाबभर पसरत होते. त्यांना जोडून ठेवण्यासाठी गुरूंनी २२ मंज्या, म्हणजे प्रचाराची केंद्रं, उभी केली. सतीची चाल आणि बायकांचा पडदा यांना त्यांनी विरोध केला.

मग सणांचं काय केलं?

गुरू अमरदासांची एक रचना आठवड्याच्या सात वारांवर आहे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये ती बिलावल रागात येते. नाव वारांचं असलं तरी आशय उलटा आहे. तिथी आणि वार पुजणं हे अडाणीपणाचं, असं ते तिथं स्पष्ट सांगतात. थोडक्यात, त्यांच्या लेखी कॅलेंडरवरचा कुठलाच दिवस स्वतःहून पवित्र नव्हता.

एवढंच वाचलं तर वाटेल, त्यांनी सगळे सण बंद केले असणार. पण त्यांनी केलं वेगळंच.

बैसाखी आणि दिवाळी या दोन दिवशी सगळ्या शिखांनी गोइंदवालला जमावं, असं त्यांनी ठरवलं. काही वृत्तांतांत माघीचंही नाव येतं. ही कल्पना भाई पारो या शिष्याची होती, असं परंपरा मानते.

हेच दिवस का? छापील कॅलेंडर नसलेल्या त्या काळात बैसाखी आणि दिवाळी कधी येते, हे गावोगावच्या शेतकऱ्याला माहीत होतं. बैसाखीच्या सुमाराला रब्बीचं पीक हाती आलेलं असतं, दिवाळीच्या सुमाराला खरिपाचं. लोक त्या दिवशी घराबाहेर पडणारच होते, कुणी तीर्थाला, कुणी जत्रेला. गुरूंनी तारीख तीच ठेवली, फक्त त्या दिवशी करायचं काय, हे बदललं. पूजापाठाच्या जागी कीर्तन, लंगर आणि दूरदूरच्या शिखांची भेट आली.

गुरू स्वतः पर्वकाळाला गेले

दुसरी घटना जास्त बोलकी आहे. गुरू झाल्यावर अमरदास पुन्हा तीर्थांना गेले. अभिजित नक्षत्राच्या पर्वकाळात ते कुरुक्षेत्र, यमुना आणि गंगा अशा तिन्ही ठिकाणी पोचले. ही दंतकथा नाही. त्यांचे जावई आणि वारसदार गुरू रामदास यांनी तुखारी रागातल्या पदात या प्रवासाचं वर्णन केलं आहे आणि ते पद गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे.

पुण्य मिळवायला म्हणून ते गेले नव्हते. पर्वाला माणसं जमतात, त्यांना भेटायला ते गेले, असं ते पद सांगतं. तीर्थावर यात्रेकरूंकडून कर घेतला जाई. गुरूंसोबतच्या जमावाकडून मात्र कर वसूल करणाऱ्यांना काहीच मिळालं नाही, असंही त्यात आहे.

ज्या घाटावर ते पूर्वी मोक्षाच्या आशेनं वीस वेळा उतरले, तिथंच ते आता निराळ्या कारणानं उभे होते. सण दुसऱ्यांचा होता, तो त्यांनी टाळला नाही. पण त्यातल्या विधीवर त्यांची श्रद्धा उरली नव्हती आणि तसं दाखवायला ते तयार नव्हते.

या मार्गात धोकाही आहे

जुन्या चौकटीत नवा आशय भरला की कधीकधी चौकटच वरचढ ठरते. गोइंदवालला गुरूंनी ८४ पायऱ्यांची बारव बांधून घेतली. पिण्याचं पाणी सगळ्यांना एकाच ठिकाणी मिळावं, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. पुढे मात्र प्रत्येक पायरीवर जपजी साहिबचा पाठ करत स्नान केलं की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत रुजली. तीर्थयात्रा सोडलेल्या गुरूंच्या नावानं नवं तीर्थ तयार झालं. दुसऱ्यांचे सण नकोत म्हणणाऱ्यांची भीती नेमकी हीच आहे आणि ती निराधार नाही.

शेवटच्या दिवशीही तोच आग्रह

१५७४ मध्ये, परंपरेनुसार वयाच्या ९५ व्या वर्षी, गुरू अमरदासांचं गोइंदवालला निधन झालं. त्यांचे पणतू सुंदर यांची शेवटच्या क्षणांवरची सहा कडव्यांची रचना गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. गुरूंनी घरच्यांना बोलावलं, रडू नका म्हणून सांगितलं आणि आपल्यामागे कीर्तन करायला सांगितलं. गुरुपद मुलांऐवजी जावयाकडे गेलं आणि मुलगा मोहरी यानं रामदासांपुढं माथा टेकला.

दुसऱ्यांचं चांगलं ते घ्यायला मात्र त्यांचा विरोध नव्हता. त्यांच्या काळातल्या मानल्या जाणाऱ्या गोइंदवाल पोथ्यांमध्ये गुरूंच्या रचनांसोबत कबीर आणि आपले नामदेव यांचीही पदं आहेत. आज गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत.

पुढे त्याच वाटेवर

नंतरच्या गुरूंनीही हीच वाट धरली. सहावे गुरू हरगोबिंद ग्वाल्हेरच्या कैदेतून सुटून दिवाळीला अमृतसरला पोचले, असं परंपरा मानते. म्हणून शीख त्या दिवसाला बंदी छोड दिवस म्हणतात. १६९९ मध्ये गुरू गोबिंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली ती बैसाखीलाच. होळीच्या दुसऱ्या दिवशी रंगांऐवजी शस्त्रांच्या कसरतींचा होला मोहल्ला त्यांनी आनंदपूरला सुरू केला. नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबला आजही होळी आणि दसऱ्याला निघणारी हल्लाबोल मिरवणूक मराठवाड्याच्या ओळखीची आहे.

अठराव्या शतकात तर दिवाळीला जमण्यासाठी शिखांनी प्राण दिले. अमृतसरला दिवाळीचा मेळावा भरवण्यासाठी भाई मणिसिंगांनी लाहोरच्या मुघल सुभेदाराला कर द्यायचं कबूल केलं. मेळावा भरू शकला नाही, कर भरता आला नाही आणि त्यांना ठार मारण्यात आलं.

मग आजच्या कुटुंबानं काय करायचं?

शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं १९४५ मध्ये मंजूर केलेली शीख रहित मर्यादा याबाबत स्पष्ट आहे. गुरुद्वाऱ्यात दुसऱ्या धर्माचा सण साजरा करायचा नाही. पण एखादा प्रसंग किंवा लोकांचं एकत्र येणं गुरूंची शिकवण सांगायला वापरलं तर त्यात गैर नाही. एकादशी, पौर्णिमेचे उपवास आणि श्राद्ध मात्र शिखांसाठी नाहीत. गुरू अमरदासांनी गोइंदवालला जे केलं, तेच इथं नियमाच्या भाषेत आलं आहे.

हा नियम लावून पाहिला तर काही प्रश्न सोपे होतात. शेजाऱ्याकडे फराळाला जाणं, वर्गमित्राला ख्रिसमसच्या शुभेच्छा देणं, याला त्यात कुठं आडकाठी दिसत नाही. नवऱ्याचं आयुष्य वाढेल या श्रद्धेनं धरलेला उपवास मात्र त्यात बसत नाही.

काही प्रश्न अवघडच राहतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शीख गुरू गोबिंदसिंगांच्या साहिबजाद्यांचं हौतात्म्य स्मरतात. फतेहगढ साहिबला त्यासाठी मोठा मेळा भरतो. त्याच आठवड्यात घरात ख्रिसमस ट्री लावायचा का, हा प्रश्न कर्मकांडाचा कमी आणि दुखवट्याचा जास्त आहे. कॅनडा किंवा ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मुलाला ते समजावून सांगणं आईवडिलांना सोपं जात नाही.

अशा वेळी गुरू अमरदासांच्या आयुष्यातून तयार हो किंवा नाही मिळत नाही. तारीख कुणाची आहे, हे त्यांनी फारसं महत्त्वाचं मानलं नाही. त्या तारखेला आपण काय करतो आणि ते कशावर विश्वास ठेवून करतो, हे त्यांनी पाहिलं. नुसती बंदी घालून ते थांबले नाहीत. दिवाळीला दुसरीकडे जाणाऱ्या लोकांना त्यांनी जमायला जागा, जेवायला पंगत आणि ऐकायला कीर्तन दिलं. मुलाला ख्रिसमस ट्री नको म्हणणाऱ्या घरानं त्या आठवड्यात त्याला साहिबजाद्यांची गोष्ट सांगितली का, हा प्रश्न म्हणूनच आधी येतो.