सुरुंगांतून वाट काढणारा अधिकारी

एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या भारतीय सैन्यापाशी रणगाडे होते; रस्ता मात्र नव्हता. हल्लेखोरांनी जागोजागी झाडे आडवी पाडली होती आणि मातीखाली सुरुंग पेरले होते. राजौरी नोव्हेंबर १९४७ मध्येच त्यांच्या हाती पडली होती. तेथे अडकलेल्या निर्वासितांची कत्तल चालली होती. वाट मोकळी होण्यास लागणारा प्रत्येक तास त्या निरपराधांच्या जिवावर बेतणारा होता.

ही वाट काढण्याचे काम सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्याकडे आले. कारवारजवळच्या चेंडिये गावी २६ जून १९१८ रोजी जन्मलेला हा पोलीस शिपायाचा मुलगा १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा जवान म्हणून भरती झाला, ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर जपान्यांशी लढला आणि हवालदारपदावरून अधिकारी झाला.

८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले, पाच जखमी; जखमींत राणेही होते. तरीही ते मागे गेले नाहीत. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला मशीनगनच्या गोळीबारात त्यांनी अडथळा हटविण्यास हात घातला आणि साडेसहापर्यंत तो दूर केला. पुढच्या हजार यार्डांत उद्ध्वस्त बांध आणि नवे अडथळे. सुरुंग शोधताना ते चालत्या रणगाड्याखाली सरपटत राहिले. दोन दोर चालकापर्यंत नेलेले. एक ओढला की थांबायचे, दुसरा ओढला की पुढे जायचे! एवढ्या साध्या युक्तीवर सारी आगेकूच तोललेली होती. ११ एप्रिलला सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत हेच. १२ तारखेला सैन्य राजौरीत पोहोचले. अनेकांसाठी तोवर फार उशीर झाला होता. जे जगले, त्यांची सुटका या रस्त्याने झाली.

राणे यांना परमवीरचक्र मिळाले. मेजर म्हणून ते १९६८ मध्ये निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात निवर्तले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटालाही त्यांचे नाव देण्यात आले.

सुरुंग मात्र राजौरीच्या वाट्याला पुन्हा आले. डिसेंबर २००१ नंतर सीमेवर मैलोगणती सुरुंग पेरले गेले. पावसाच्या पाण्याबरोबर ते जागा सोडून शेतांत उतरतात, आणि गुरांमागे गेलेल्या माणसांचे पाय जातात.