बेसी स्मिथ

गोऱ्यांच्या इस्पितळाने दार लावून घेतले म्हणून बेसी स्मिथ गेली, असे मी एका वक्तृत्व स्पर्धेत छातीठोकपणे सांगितले होते. टाळ्याही मिळाल्या. पुढे वाचनात आले, की ते खरे नव्हे.

बेसी अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाची. लहानपणीच आई-बाप गेले. भाऊ गिटार वाजवी आणि ही पोर रस्त्यावर गाऊन पैसे मिळवी. १९१२ साली ती एका फिरत्या कंपनीत शिरली. ब्लूजची थोर गायिका मा रेनी तिथेच होती.

१९२३ मध्ये कोलंबिया कंपनीने काढलेली तिची पहिली तबकडी लाखोंनी खपली. बेसीला मात्र दर गाण्यामागे ठरीव रक्कम. खपावर छदामही नाही! १९२५ च्या 'सेंट लुई ब्लूज'मध्ये लुई आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट आहे, आणि साथीला चक्क पेटी, आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनच्या जातीची. ते मी पुनःपुन्हा ऐकतो.

मग मंदी आली. १९३१ मध्ये कंपनीने तिला सोडले.

२६ सप्टेंबर १९३७. मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ मोटारीला अपघात झाला. तिला थेट कृष्णवर्णीयांच्याच इस्पितळात नेले; उजवा हात कापला, तरी ती वाचली नाही. गोऱ्यांचे दार कोणी लावले नाही, कारण तिला तिथे न्यावे हे त्या मुलखात कोणाच्या मनातही आले नसते. मला हे दंतकथेहून भयंकर वाटते.

फिलाडेल्फियात अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. थडग्यावर दगड मात्र १९७० मध्ये बसला. पैसे दिले ते गायिका जॅनिस जॉप्लिनने, आणि लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसणाऱ्या एका बाईने.