एका वर्षाच्या अंतराने लिहिलेले दोन शोधनिबंध : एकाने नाव अमर केलं, दुसऱ्याचं श्रेय भलतेच घेऊन गेले!

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव ऐकलं की आपल्याला इतिहासकार आठवतात. पण हा माणूस मूळचा गणितज्ञ होता. आणि त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की एक गोष्ट नीट समजते : शोध लावणं हे अर्धंच काम असतं. तो कुठे छापला जातो आणि कुणाला वाचायला मिळतो, यावर उरलेलं अर्धं ठरतं.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबेन गावी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद कोसंबी पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. वडिलांचं हार्वर्डमध्ये काम सुरू असल्यामुळे दामोदर अकराव्या वर्षी अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन भारतात परतले. बनारस आणि अलीगढला शिकवून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले.

अलीगढच्या दिवसांतला एक किस्सा भारी आहे. फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल तेव्हा तिथेच होते. त्यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी बूरबाकी नावाच्या काल्पनिक गणितज्ञाच्या नावाने एक थट्टेचा निबंध लिहिला आणि तो छापूनही आला! पुढे वेल आणि त्यांच्या मित्रांनी हेच नाव घेऊन जगप्रसिद्ध ग्रंथमाला काढली.

आता मुद्द्याचं.

१९४३ मध्ये कोसंबींनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. सतत वरखाली होणारी गुंतागुंतीची माहिती काही मोजक्या मुख्य भागांत कशी मोडायची, याची ती रीत होती. आज फोटोचा आकार लहान करण्यापासून चेहरा ओळखण्यापर्यंत ही रीत वापरली जाते. पण भारतात निघणारं ते नियतकालिक बाहेरचे संशोधक फारसे चाळत नसत, त्यात महायुद्ध सुरू. पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव यांनी स्वतंत्रपणे तीच रीत मांडली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत नावं लागली ती या दोघांची. आता कुठे काही अभ्यासक त्यांच्याआधी कोसंबींचं नाव जोडू लागले आहेत.

१९४४ चा निबंध मात्र लंडनच्या ॲनल्स ऑफ युजेनिक्समध्ये आला. अवघी चार पानं. दोन जनुकांमधलं अंतर कसं काढायचं, याचं सूत्र त्यात होतं. पिकांवर काम करणारे शास्त्रज्ञ ते आजही वापरतात आणि त्याला कोसंबींचंच नाव आहे.

माणूस तोच, कॉलेज तेच, मधे एका वर्षाचं अंतर. फरक होता तो नियतकालिकाचा.

पुढे होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. कोसंबी पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने ये-जा करू लागले. प्राचीन नाण्यांची वजनं करून, ती किती झिजली यावरून काळाचा अंदाज बांधायची रीत त्यांनी घडवली. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरचा गाजलेला ग्रंथ आला.

मग १९५९ उजाडलं. मूळ संख्यांविषयीचं रीमानचं शंभर वर्षं जुनं कोडं सोडवल्याचा दावा त्यांनी केला, आणि तो निबंध छापला कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात! या विषयातल्या जाणकारांची चाळणी तिथे लागली नाही. सिद्धता चुकीची ठरली, नावाला धक्का बसला. अणुऊर्जेवरून भाभांशी मतभेद होतेच. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांचे विखुरलेले निवडक गणिती निबंध एका ग्रंथात यायला २०१६ उजाडलं.

हे सगळं आज का सांगायचं? कारण प्रश्न तोच आहे, फक्त बाजू बदलली आहे. तेव्हा आपलं लिखाण बाहेर पोचत नव्हतं, आता बाहेरचं आपल्याला परवडत नाही. मोठ्या नियतकालिकांची वर्गणी छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयाला झेपत नाही. म्हणून केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आणली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३ हजार नियतकालिकं. पण ही सोय आहे सरकारी संस्थांसाठी. इंदापूर तालुक्यातल्या कळसची एखादी मुलगी खासगी कॉलेजात शिकत असेल, तर तिच्यासाठी ते दार अजून बंदच आहे. तिच्या कामाचं ठरतं ते मुक्त प्रवेशाचं, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल असं छापलेलं संशोधन.

एक चांगली बातमीही आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. त्या हिशेबाने कोसंबींनी हयातीत स्वतःच्या नावाने छापलेलं लिखाण १ जानेवारी २०२७ पासून भारतात सर्वांसाठी खुलं होतं. १९४३ चा तो निबंधसुद्धा.